व्हेप घेऊन परदेशी जाताय? प्रवाशांचे नेहमीचे प्रश्न

आम्ही थायलंड, सिंगापूर-मलेशिया, मालदीव, दुबई अशा ग्रुप टूर नेतो. निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये लोक चलन, पाऊस, जैन जेवण, सिमकार्ड सगळं मोकळेपणाने विचारतात. व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा प्रश्न मात्र तिथे कोणी काढत नाही. तो येतो मीटिंग संपल्यावर, कोपऱ्यात घेऊन, किंवा रात्री अकराला व्हॉट्सॲपवर, ‘एका मित्रासाठी विचारतोय’ अशा सुरुवातीने. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवतोय. आम्ही वकील नाही. पण बॅगा उघडताना शेजारी उभं राहायची वेळ आमच्यावरच येते.

व्हेप म्हणजे नक्की काय काय धरायचं?

पेन, पॉड, डिस्पोजेबल, मोठा बॉक्स, ई-हुक्का, लिक्विडच्या बाटल्या, रिकामी कार्ट्रिज, कॉइल सगळं. तंबाखूची छोटी कांडी गरम करून ओढायची यंत्रं, म्हणजे आयकॉससारखी, तीही यातच येतात. ‘माझ्यात निकोटीन नाही, नुसता आंब्याचा फ्लेवर आहे’ हे उत्तर आम्हाला बऱ्याचदा मिळतं. भारताच्या कायद्याची व्याख्या वाचली तर त्यात निकोटीन असो वा नसो, पदार्थ गरम करून ओढण्याजोगी वाफ करणारं विजेवरचं कुठलंही साधन येतं. सिंगापूरही निकोटीन आहे की नाही हे बघत बसत नाही. तेव्हा ही पळवाट डोक्यातून काढून टाका.

बंदी तिकडे आहे ना? इथून न्यायला काय हरकत आहे?

इथेच सगळी गंमत आहे. लोक बँकॉकचे कायदे शोधत बसतात आणि सहारच्या विमानतळावरचा कायदा विसरतात. भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण, जाहिरात या सगळ्याला मनाई. यातले आयात, निर्यात आणि वाहतूक हे तीन शब्द प्रवाशाने नीट वाचावेत. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. साठवणीचं कलम वेगळं आहे, त्यात ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणजे थायलंडचं विमान पकडायच्या आधीच, इथल्याच स्कॅनरच्या पट्ट्यावर, तुमची बॅग कायद्याच्या कचाट्यात आलेली असते.

पण टपरीवर तर राजरोस मिळते!

मिळते. गुटखाही मिळतो, आणि त्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळतं यावरून कायद्यात काय बसतं हे ठरवायचं असेल तर आपल्याकडे मग सगळंच कायदेशीर आहे. टपरीवाला तुमच्याबरोबर विमानतळावर येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

वापरण्यावर कुठे बंदी आहे? कायद्यात ‘ओढणं’ हा शब्दच नाही म्हणे.

हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा थोडं वाचून आलेला असतो, आणि त्याचं वाचन चुकीचं नाही. २०१९ च्या कायद्यात स्वतःपुरता वापर हा गुन्हा म्हणून वेगळा लिहिलेला नाही. वकील त्यावर वाद घालतात. पण आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये घेतलेली भूमिका अशी आहे की कोणत्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात ती जवळ बाळगणं कायद्याविरुद्ध आहे. आणि तुम्ही तर देशाची हद्द ओलांडताय, म्हणजे वापराचा मुद्दा बाजूलाच राहतो. हद्दीवर आयात-निर्यात आली. पहाटे तीनच्या विमानासाठी बारा वाजता रांगेत उभं राहून कलमांचा कीस काढायची कोणाची तयारी असेल तर त्यांनी जरूर काढावा. बाकीचा ग्रुप थांबणार नाही.

या पानावरच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांचा गाभा हाच आहे. ‘मी ओढली नाही, नुसती बॅगेत होती’ हा बचाव या बाबतीत कामाचा नाही. बॅगेत असणं हाच मुद्दा असतो.

विमानात हँडबॅगेत ठेवायची की चेक-इनमध्ये?

भारतीय विमान कंपन्यांच्या मनाईच्या यादीत ई-सिगारेट दोन्हीकडे आहे. परदेशी कंपन्या साधारणपणे हँडबॅगेत चालू देतात आणि चेक-इनमध्ये साफ नाही म्हणतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१५ मध्ये हे ठरवून टाकलं. कारण लिथियमची बॅटरी. सामानाच्या कप्प्यात कपड्यांच्या दाबाने बटण दाबलं गेलं, कॉइल तापली आणि आग लागली तर तिथे विझवायला कोणी नसतं. केबिनमध्ये निदान धूर दिसतो आणि कर्मचारी धावतात. विमानात चार्ज करायला मनाई आहे आणि टॉयलेटमध्ये जाऊन एक झुरका मारायची कल्पना तर सोडूनच द्या. तिथला धूर-संवेदक वाफेलाही ओळखतो.

आता यातली मेख बघा. चेक-इनमध्ये ठेवायची नाही, म्हणजे ती सतत तुमच्या अंगावर किंवा हातात असणार. उतराल तिथे, विमान बदलाल तिथे, तपासणीत उभे राहाल तिथे. ‘बॅग थेट पुढे जाते, मला काय’ असं म्हणायची सोयच उरत नाही.

थायलंडमध्ये सगळे ओढतात, मग बंदी खरी आहे का?

खरी आहे. डिसेंबर २०१४ पासून थायलंडमध्ये ई-सिगारेटच्या आयातीला मनाई आहे, आणि पुढच्या वर्षी विक्रीवरही बंदी आली. सीमाशुल्क कायद्यात मनाई असलेला माल आणल्याबद्दल १० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. असा बेकायदा आलेला माल नुसता जवळ सापडला तरी ५ वर्षांपर्यंत कैद किंवा मालाच्या किमतीच्या चौपट दंड होऊ शकतो. एका डिस्पोजेबलसाठी कोणा पर्यटकाला दहा वर्षं आत टाकल्याचं आम्ही पाहिलेलं नाही. बहुतेक वेळा वस्तू जप्त होते आणि दंडावर भागतं. पण कायद्याचं टोक एवढं लांब असलं की समोरच्या शिपायाच्या हातात किती जोर येतो, ते रस्त्यावर कळतं.

आणि ‘सगळे ओढतात’ हेही खरं आहे. पटायाच्या रात्रबाजारात, बँकॉकच्या सुखुमवितला फुटपाथवर पथारी मांडून विकलेली दिसेल. २०२५ पासून सरकारने धाडींचा जोर वाढवला, तरी ती पूर्ण गेलेली नाही. विकत घेणारे परदेशी असतात, पकडले जाणारेही परदेशीच असतात. रात्री टॅक्सी थांबवून तपासणी होते तेव्हा खिसे आणि कमरेचे पाउच आधी चाचपले जातात. अमली पदार्थ शोधायला निघालेल्या पोलिसाला तुमची व्हेप आयतीच मिळते.

बँकॉकला गांजाची दुकानं उघडी आहेत आणि वाफेला बंदी? हा कुठला न्याय?

न्याय विचारू नका, कायदा विचारा. जून २०२२ मध्ये थायलंडने गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, आणि जून २०२५ मध्ये पुन्हा मुसक्या आवळल्या. आता फुलं घ्यायला डॉक्टरची चिठ्ठी लागते. व्हेपचा आणि याचा काही संबंध नाही, दोन वेगळ्या खात्यांचे दोन वेगळे निर्णय आहेत.

यात आपल्याला लागू होणारा भाग वेगळाच आहे. बँकॉकहून मुंबईत उतरणाऱ्या प्रवाशांकडून कस्टम्सने गांजा पकडल्याच्या बातम्या सतत येतात, त्यामुळे त्या विमानांतल्या बॅगांकडे जरा जास्तच लक्ष असतं. त्यात कोणी गांजाचा अर्क भरलेलं कार्ट्रिज ‘नुसती व्हेप आहे’ म्हणून आणत असेल, तर त्याला नुसता ई-सिगारेटचा कायदा लागत नाही. अमली पदार्थांचाही लागतो, आणि तिथे जामीनसुद्धा सहज मिळत नाही. अशा माणसाने आमच्याबरोबर येऊ नये, ही विनंती आहे.

रस्त्यात पोलिसांनी अडवलं आणि पैसे मागितले तर?

जानेवारी २०२३ मध्ये तैवानच्या एका अभिनेत्रीने सांगितलं की बँकॉकमध्ये नाक्यावर अडवून, व्हेपवरून अडकवण्याची धमकी देऊन पोलिसांनी २७,००० बाट उकळले. मोठा गदारोळ झाला आणि त्या पोलिसांची चौकशीही झाली. तेव्हा असं होतच नाही असं कोणी म्हणू शकत नाही.

आमचा सल्ला साधा आहे. आवाज चढवू नका, पळू नका, व्हिडिओ काढायच्या भानगडीत पडू नका. रस्त्यावर रोख देऊ नका. ‘पोलीस ठाण्यात चला, दंड असेल तर पावती द्या’ एवढं एकच वाक्य शांतपणे म्हणा. टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५ आहे, तिथे इंग्रजीत बोलता येतं. पासपोर्ट हातातून जाऊ देऊ नका, प्रत दाखवा, आणि मूळ मागितलाच तर ठाण्यात द्या. आम्हाला फोन करा, कितीही वाजले असले तरी. व्हेप खिशात नसेल तर हा सगळा परिच्छेद वाचायची गरज नाही.

सिंगापूरला नेमकं काय होतं?

सिंगापूरला आम्ही सगळ्यात जास्त घाबरतो, आणि प्रवाशांनाही घाबरवतो. तिथे १ फेब्रुवारी २०१८ पासून व्हेप विकत घेणं, वापरणं आणि जवळ बाळगणं हे तिन्ही गुन्हे आहेत. १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलबजावणी आणखी कडक झाली. सज्ञान माणूस पहिल्यांदा सापडला तर ७०० सिंगापूर डॉलर, १८ वर्षांखालचा असेल तर ५००. पुन्हा सापडलात तर प्रकरण वाढत जातं, आणि परदेशी पाहुण्याला पुढे देशात प्रवेशच नाकारला जाऊ शकतो. तिथे नोकरी किंवा शिक्षणाच्या पासवर राहणाऱ्यांचा पास जाऊ शकतो. ज्यांची मुलं तिथे शिकतात त्या आई-वडिलांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

एवढा कडकपणा अचानक आला नाही. तिथे एटोमिडेट नावाचं भूल द्यायचं औषध मिसळलेली लिक्विडं बाजारात आली आणि पोरं रस्त्यात झोकांड्या खाताना दिसायला लागली. सरकारने एटोमिडेटला थेट अमली पदार्थांच्या यादीत टाकलं. अशी लिक्विडं आणणाऱ्याला ३ ते २० वर्षं कैद आणि वर छडीचे फटके. तुमच्या कार्ट्रिजमध्ये काय आहे हे तुम्हाला तरी ठाऊक असतं का? टपरीवरून घेतलेल्या चिनी डब्यावर आंब्याचं चित्र असतं, बाकी काही नाही. सिंगापूरला त्याची चाचणी होते.

चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, सामानाचा पट्टा सोडून बाहेर पडताना दोन मार्ग लागतात: जाहीर करायचं काही नसेल तर हिरवा, असेल तर लाल. हिरव्यातून चाललेल्यांतल्या कोणालाही बाजूला घेऊन बॅग स्कॅनरमध्ये टाकायला सांगतात. तोवर तुम्ही ‘माझ्याकडे काही नाही’ असं पायांनी सांगून झालेलं असतं. चुकून आणलीच असेल तर आधी लाल मार्गाने जा आणि स्वतःहून सांगा. सापडण्याआधी दिलेली आणि सापडल्यावर काढलेली, यात फार फरक पडतो.

मलेशियात चालते ना? तिथे घेऊन तिथेच वापरली तर?

मलेशियात व्हेप नियमांच्या चौकटीत विकली जाते. ऑक्टोबर २०२४ पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे, आणि जोहोरसारख्या काही राज्यांत विक्रीला परवानगी नाही. पण आमच्या सहलींचा सापळा वेगळाच आहे. क्वालालंपूरला तीन दिवस राहून ग्रुप बसने सिंगापूरला जातो. कोणीतरी बुकित बिनतांगला एक डिस्पोजेबल घेतो, अर्धी ओढतो, आणि ‘अजून भरपूर पफ बाकी आहेत’ म्हणून पाठपिशवीच्या बाजूच्या जाळीत, पाण्याच्या बाटलीमागे ठेवतो. सिंगापूरच्या हद्दीवर, तुआस किंवा वुडलँड्सच्या नाक्यावर बसमधून सगळ्यांना उतरावं लागतं, आणि हातातलं सामानसुद्धा घेऊन. पाठपिशवी स्कॅनरमधून जाते. बॅटरी, धातूची नळी, कॉइल, पडद्यावर चित्र अगदी स्वच्छ दिसतं. चाळीस माणसांची बस तुमच्या एका डिस्पोजेबलसाठी तासभर खोळंबते आणि रात्रीचं जेवण बुडतं. म्हणून जोहोरच्या शेवटच्या थांब्यावर आमचा टूर मॅनेजर हातात कचऱ्याची पिशवी घेऊन बसमध्ये फिरतो. त्याला हसू नका.

आम्ही सिंगापूरला उतरणारच नाही, नुसतं विमान बदलणार आहोत.

ट्रान्झिट हॉलसुद्धा सिंगापूरच आहे. वर सांगितलं तसं, व्हेप चेक-इनमध्ये नसते, तुमच्याजवळच असते. बालीला किंवा ऑस्ट्रेलियाला जाताना चांगीला तीन तास काढायचे असतील तरी सिंगापूरचाच नियम धरून चाला. दोहामार्गे युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी हेच. कतारमध्येही व्हेपला बंदी आहे.

सासूबाई मिश्री लावतात, आणि काकांना तंबाखू लागते. त्यांचं काय?

फार चांगला प्रश्न, आणि हा तरुणांना सुचतच नाही. सिंगापूरने चघळायची तंबाखू, गुटखा, खैनी, जर्दा, तपकीर या सगळ्यालाही बंदी घातलेली आहे. मिश्री हा शब्द त्यांच्या यादीत नसेल, पण भाजलेली तंबाखूच ती. एकदा निघायच्या आदल्या दिवशी एका आजींच्या पिशवीत हळदीच्या डबीसारखी पितळी डबी निघाली. आत काळी पूड, वर कापसाचा बोळा, आणि डबीला घट्ट रबर. ‘दात घासायची आहे गं, औषध आहे,’ असं त्या सुनेला सांगत होत्या. स्कॅनरपुढचा अधिकारी मराठी आजींशी हुज्जत घालणार नाही, सरळ जप्त करील, आणि शिवाय दंड. डबी घरी राहिली. आजी पहिले दोन दिवस चिडचिड करत होत्या, हे मान्य करायला हवं.

काकांनी चंची, चुन्याची डबी, बार भरायचं साहित्य सगळं इथेच ठेवावं. ‘एवढीशी तर पुडी आहे’ हा हिशोब तिथे चालत नाही.

मालदीव, व्हिएतनाम, हाँगकाँग?

तिन्हीकडे नाही. मालदीवने १५ नोव्हेंबर २०२४ पासून आयात आणि १५ डिसेंबर २०२४ पासून वापर व बाळगणं बंद केलं. वापरताना सापडलात तर ५,००० रुफिया दंड. हनिमूनवाल्यांना वाटतं की आपण खासगी बेटावरच्या रिसॉर्टमध्ये आहोत, पण बॅग मालेच्या विमानतळावरूनच जाते. व्हिएतनामच्या संसदेने २०२५ पासून ई-सिगारेट आणि गरम तंबाखू, दोन्हींची आयात, वाहतूक आणि वापर बंद केला. हाँगकाँगने एप्रिल २०२२ मध्ये आयात-विक्री थांबवली, आणि ३० एप्रिल २०२६ पासून सार्वजनिक ठिकाणी नुसतं जवळ बाळगण्यावरही बंदी आणली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीनुसार जुलै २०२३ मध्ये ३४ देशांत विक्रीवर बंदी होती. हे चित्र दर काही महिन्यांनी बदलतं, तेव्हा दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राचा अनुभव प्रमाण मानू नका.

दुबईत तर ड्युटी-फ्रीमध्ये मिळते. मग येताना आणली तर?

संयुक्त अरब अमिरातीत २०१९ पासून विक्री कायदेशीर आहे. तिथे घ्या, ठरवून दिलेल्या जागी ओढा, तिथेच टाका. मुंबईत उतरताना ती आयात ठरते. ड्युटी-फ्रीच्या सीलबंद पिशवीला लोक फार मान देतात. त्या पिशवीचा अर्थ एवढाच की तुम्ही तिथला कर भरलेला नाही. इथल्या कायद्याशी त्या सीलचा काही संबंध नाही. पावती जपून ठेवलीत तर उलट कुठून आणली याचा पुरावाच झाला.

‘दोस्तांनी दहा आणायला सांगितल्यात’ असे महाभाग असतात. एक सापडली तर बहुधा जप्ती आणि बोलणी. दहा वेगवेगळ्या फ्लेवरच्या सापडल्या तर स्वतःपुरत्या होत्या हे कोण मानणार?

पुतण्या न्यू जर्सीहून लग्नाला येतोय. त्याला तिथे कायदेशीर आहे, तो कसा आणणार?

आणू नये. अमेरिकेचा पासपोर्ट असला तरी इथला कायदा तोच. आपल्या सीमाशुल्क कायद्यात एक सोय आहे खरी. प्रवाशाने मनाई असलेली वस्तू स्वतःहून खरी जाहीर केली, तर अधिकारी ती ताब्यात ठेवून तो देश सोडून जाताना परत देऊ शकतो. पण ‘देऊ शकतो’ म्हणजे अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे, आणि व्हेपच्या निर्यातीलाही बंदी असल्यामुळे आम्ही यावर अजिबात विसंबणार नाही. पुतण्याला फोन करून आधीच सांगा. हळदीच्या दिवशी विमानतळावर अडकण्यापेक्षा तो फोन बरा.

मुलगी ऑस्ट्रेलियाला शिकायला चालली आहे, ती नेऊ शकते का?

ऑस्ट्रेलिया प्रवाशाला स्वतःच्या उपचारापुरत्या म्हणून २ व्हेप आणि २०० मिलिलिटरपर्यंत लिक्विड आणू देतो. देशात मात्र विक्री फक्त औषधाच्या दुकानातून होते, २०२४ पासून. पण ही सवलत तिकडच्या दारापाशी लागू होते. मुलगी निघणार भारतातून, आणि निर्यातीची बंदी इथे आहे. त्यामुळे व्यवहारात उत्तर नाही असंच आहे.

जपानचं जवळजवळ तसंच. निकोटीनचं लिक्विड तिथे विकत नाहीत, स्वतःपुरतं महिनाभराचं, १२० मिलिलिटरपर्यंत, आणू देतात. तंबाखू गरम करायची यंत्रं मात्र तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. ती घेऊन भारतात यायचं नाही, हे आता वेगळं सांगायला नको.

व्हेप मुलाची आणि सापडली आईच्या पर्समध्ये. जबाबदार कोण?

ज्याच्या हातात पर्स, त्याला आधी बोलावतात. पुढचा खुलासा तुमचा तुम्ही करत बसायचा. आणि हे होतं. हल्लीच्या डिस्पोजेबल हायलायटरसारख्या, पेनड्राइव्हसारख्या, लिपस्टिकसारख्या दिसतात. आईला वाटतं चार्जर आहे, ती उचलून आपल्या पाउचमध्ये टाकते. निघायच्या आदल्या रात्री घरातल्या कॉलेजच्या मुलांना एकदा स्पष्ट विचारा, ओरडून नको. ओरडलात तर ‘नाही’ म्हणतील आणि मोज्यात लपवतील. दुसऱ्याची बॅग, दुसऱ्याचं पार्सल, ‘जरा हे ठेवता का’ यातलं काहीही घेऊ नका, ग्रुपमधल्या माणसाचंसुद्धा.

मग साध्या सिगारेटी नेल्या तर चालतील?

चालतील, मोजून. थायलंडला माणशी २०० सिगारेटी, म्हणजे एक कार्टन. चार जणांची कार्टन एकाच्या बॅगेत ठेवू नका, तिथे ती त्या एकाचीच धरतात आणि दंड जबर असतो. तिथल्या बऱ्याच समुद्रकिनाऱ्यांवर ओढायला २०१८ पासून बंदी आहे. सिंगापूरला एकही सिगारेट करमुक्त नाही, उघडं पाकीट असलं तरी जाहीर करून कर भरायचा. भारतात परत येताना १०० सिगारेटींपर्यंत सूट.

तलफ आली तर काय करायचं? सात दिवस काढायचेत.

निकोटीनचा च्युइंगगम किंवा पॅच. निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून चिठ्ठी घ्या, मूळ वेष्टनात ठेवा, आणि चिठ्ठी त्याच्याबरोबरच. सिंगापूरला साध्या च्युइंगगमच्या विक्रीवरसुद्धा १९९२ पासून बंदी आहे, तेव्हा औषधी गमबरोबर चिठ्ठी असलेली बरी. पहिल्यांदाच सहलीत सुरू करू नका. घरी आठवडाभर आधी वापरून बघा, काहींना उचकी लागते, काहींना मळमळतं. सोडायचाच विचार असेल तर सरकारची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६.

विमानतळावर पोचल्यावर लक्षात आलं की बॅगेत आहे. आता?

अजून आत शिरला नसाल तर सोडायला आलेल्या माणसाच्या हातात देऊन त्याला अडचणीत टाकू नका. बॅटरी असल्यामुळे साध्या कचरापेटीतही टाकू नका, पेटी पेटल्याच्या घटना होतात. सुरक्षा तपासणीच्या आधी विमान कंपनीच्या काउंटरवर सांगा, तिथे अशा वस्तू जमा करायची सोय असते. तपासणीच्या रांगेत लागला असाल तर ट्रेमध्ये बॅग ठेवायच्या आधी, स्वतःहून, अधिकाऱ्याला. आमच्या एका प्रवाशाने दाढीच्या पाउचमध्ये, फोमच्या डब्यामागे ठेवली होती. अधिकाऱ्याने पाउच उघडून फोम, रेझर, कंगवा एकेक बाहेर मांडला आणि शेवटी ती काढून हसत विचारलं, ‘हे कशासाठी?’ रांगेत मागे त्यांचे सासरे उभे होते. वस्तू गेली, विमान मिळालं.

परदेशात उतरल्यावर लक्षात आलं तर इमिग्रेशन ओलांडून सामान घेताना लाल मार्ग शोधा आणि आमच्या टूर मॅनेजरला हळूच सांगा. तो ओरडणार नाही. त्याला फक्त बस किती वेळ थांबवायची हे कळायला हवं असतं.